पहिल्या दिवसाची प्रत

नव्या लॅपटॉपमध्ये काय असतं, असं कुणी विचारलं तर ‘काहीच नाही’ हे उत्तर फारसं चुकीचं ठरू नये. कुठल्याशा निळ्या समुद्रकिनाऱ्याचं चित्र असतं, महिनाभर फुकट राहून नंतर भाडं मागायला लागणारा अँटिव्हायरस असतो, आपण कधीच न मागितलेले दोन-चार खेळ असतात, आणि कोपऱ्यात एक कचराकुंडी असते, इतकी स्वच्छ की तिच्यात पहिला कागद टाकायला जीव धजू नये. तरीही नवी पेठेतल्या दुकानातल्या तरुण मुलानं खोकं माझ्या हाती देताना बजावलं, “काका, घरी जाऊन लगेच वापरायला काढू नका. आधी बॅकअप घ्या, मग काय करायचं ते करा.” मी विचारलं, “कशाचा बॅकअप?” तो म्हणाला, “ह्याचाच की.” आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. खोकं काखेत मारून मी घराकडे निघालो, ते एकच कोडं उलगडत : अजून जे घडलंच नाही, त्याची प्रत काढायची म्हणजे माणसानं नेमकं काय करायचं?

तांत्रिक बाजू नंतर समजून घेतली, आणि ती वावगी नव्हती. पूर्वी संगणकाबरोबर तबकड्या मिळायच्या. यंत्र बिघडलं की त्या घालायच्या आणि त्याला पुन्हा त्याच्या जन्मदिवसावर नेऊन सोडायचं. पुढे कंपन्यांनी तबकड्या देणं बंद केलं आणि तो सगळा ऐवज डिस्कच्याच एका झाकलेल्या कप्प्यात ठेवून दिला. म्हणजे डिस्क गेली की तिला वाचवणारं औषधही तिच्याच पोटात गेलं. म्हणून ते आधीच बाहेर काढून पेन ड्राइव्हवर ठेवायचं. माझ्या खोक्यावर ५१२ जीबी छापलं होतं. आत पाहिलं तर ४७६. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १,०२४ च्या पटीत, त्या दोघांच्या भांडणात छत्तीस जीबी कागदावरच विरून जातात. उरलेल्यातूनही काही जागा त्या झाकलेल्या कप्प्याची.

दुसऱ्या गावचा माणूस इथे रागावला असता. सोलापूरकराला हे गणित पाठ असतं. उजनी धरणात सुमारे ११७ टीएमसी पाणी मावतं, त्यातलं ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठ्यात जमा. धरण अर्ध्याहून अधिक भरतं तेव्हा कुठे वर्तमानपत्रात त्याचा आकडा शून्य टक्क्यांवर येतो, आणि उन्हाळ्यात तर ‘उजनी उणे तीस टक्के’ असे मथळे वाचत आम्ही चहा पितो. उणे पाण्याचा चहा! असलेलं पाणी हिशेबात नसणं आणि हिशेबातलं पाणी नळात नसणं, या दोन्ही अवस्थांतून आमचं गाव शांतपणे गेलेलं आहे. नळाला काही दिवसांआड पाणी, त्यामुळे घरोघरी हौद, त्यावर टाकी, टाकी असूनही पिंप, आणि पिंप भरलेलं असूनही पाणी आलं की बादल्या. आमच्याकडे पाणी आधी साठवतात आणि वापरायचं की नाही ते मागाहून ठरवतात. दुकानातला मुलगा इथलाच. दुसरं काय सांगणार होता?

हे साठवणं पाण्यापुरतं असतं तर ठीक. घरात आलेली कुठलीही नवी वस्तू आधी ठेवायची, मग वापरायची, आणि जमलं तर नुसतीच ठेवायची, अशी आमच्या आईची रीत होती. तिच्या पत्र्याच्या ट्रंकेत सोलापुरी चादरी होत्या. गिरणगावात जन्म काढलेल्या बाईकडे चादरींची वाण कशी असेल? लग्नात आलेल्या, बारशाला आलेल्या, कुणाच्या वास्तुशांतीला द्यायला आणलेल्या पण त्यांचं आमंत्रणच आलं नाही म्हणून राहून गेलेल्या. सगळ्या घडी न मोडलेल्या, डांबराच्या गोळ्यांच्या वासात झोपी गेलेल्या. त्या पाहुण्यांसाठी आहेत, असं ती म्हणायची. पाहुणे यायचे. त्यांना रोजच्या वापरातल्याच मिळायच्या, कारण पुण्याच्या पाहुण्यांना म्हणे या नव्या चादरी टोचतात. आई गेल्यावर ट्रंक उघडली तेव्हा काही चादरी अशा निघाल्या की ज्यांच्या अंगावर कधी माणूस निजलाच नव्हता. दोन पिढ्यांना ऊब देण्याच्या तयारीत त्या नुसत्या पडून राहिल्या होत्या. मी एक उलगडून पाहिली आणि पुन्हा घडी घालून ठेवली. रक्तातच असतं ते.

सोलापुरी चादरीचं एक नवल सोलापूरबाहेरच्या लोकांना सांगितल्याशिवाय कळत नाही. ती दोन्ही अंगांनी चादर असते. खरं तर दोन कापडं एकमेकांत गुंतवूनच ती विणतात, त्यामुळे वरच्या बाजूला तांबड्यावर पांढरा मोर असेल तर खालच्या बाजूला पांढऱ्यावर तांबडा. इकडचा उजवीकडे बघतो, तिकडचा डावीकडे. लहानपणी थंडीत गुरफटून झोपताना मी रोज ठरवायचो की आज कुठला मोर आत घ्यायचा. एक विटला, फाटला, त्याच्यावर भावानं शाई सांडली, तरी पलटून घेतली की दुसरा पिसारा फुलवून हजर. बॅकअप हा शब्द गावात यायच्या कितीतरी आधी आम्ही त्याच्याच खाली झोपत होतो.

आणि चादरीची संगणकाशी ही सोयरीक नुसती गमतीची नाही. १८०४ च्या सुमारास फ्रान्समधल्या ल्यों शहरात जोसेफ मारी जाकार या माणसानं मागावर एक सांगाडा चढवला. त्यात भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते. भोक असेल तिथे ताण्याचा दोरा वर उचलला जातो, नसेल तिथे तो जागीच राहतो, आणि या हो-नाहीतून फुलं, वेली, मोर उमटतात. पुढे त्या जाकारचंच चित्र रेशमात विणलं, त्याला चोवीस हजार पुठ्ठे लागले. त्यातली एक प्रत लंडनमध्ये चार्ल्स बॅबेजनं बाळगली होती, कारण त्याच्या कधीच पुऱ्या न झालेल्या गणकयंत्राला आज्ञा द्यायला त्याला हेच पुठ्ठे हवे होते. १८९० मध्ये हर्मन हॉलरिथनं अमेरिकेची शिरगणती भोकांच्याच पत्त्यांवर मोजली, आणि तिथून वाट थेट माझ्या मांडीवरच्या यंत्रापर्यंत येते. साखर पेठेतल्या एका मित्राच्या घरी खाली माग आणि वर माणसं राहायची. मागाच्या डोक्यावर ती पुठ्ठ्यांची माळ एखाद्या लांबलचक पोथीसारखी लोंबायची आणि खट्‌खट्‌ करत एकेक पान उलटायची. दुपारचं ऊन त्या भोकांतून मित्राच्या वडिलांच्या पाठीवर पडायचं, तेव्हा बनियनवर ठिपक्यांची नक्षी हलायची. पुठ्ठा झिजला की जुन्यावरून नवा पाडायचा, नक्षी पुढे चालू. आता काही ठिकाणी इलेक्ट्रॉनिक जेकार्ड, म्हणजे जाकारचेच सांगाडे, आले आहेत. त्यांच्यात मोर पेन ड्राइव्हमधून शिरतो.

असाच एक पेन ड्राइव्ह घेऊन मी रात्री जेवणं आटोपल्यावर बसलो. त्याआधी हिनं लॅपटॉपला हळद-कुंकू लावलं. झाकणाच्या कोपऱ्यात, भोकांत जाऊ नये अशा बेतानं, दोन बोटांनी. दिवाळीत व्यापारी कोऱ्या वहीची पूजा करतात, तिच्यात एक आकडा मांडण्याआधी. तेव्हा कोऱ्याला नमस्कार करण्यात आम्हाला काही वावगं वाटत नाही. मग यंत्रानं सूचना दिली : या पेन ड्राइव्हवर जे काही असेल ते पुसलं जाईल, चालेल ना? पेन ड्राइव्हही नवाच होता. एका रिकाम्या वस्तूची प्रत दुसऱ्या रिकाम्या वस्तूवर उतरवायची, आणि त्यासाठी दुसरीतला रिकामेपणा आधी पुसून काढायचा. मी ‘हो’ म्हटलं. एक हिरवी रेघ पडद्यावर इतक्या सावकाश सरकू लागली की तिच्यापुढे सिद्धेश्वर तलावातलं कासवही हरकाऱ्या वाटावं. पुतण्या पाणी प्यायला उठला, त्यानं डोकावून विचारलं, “काय करलालाव काका?” मी म्हटलं, “बॅकअप.” “कशाचा?” “ह्याचाच की.” तो समाधानानं झोपायला गेला. जगात म्हणे ३१ मार्च हा बॅकअप दिन म्हणून पाळतात. ज्यांनी तारीख ठरवली त्यांनी त्या रात्री आपल्याकडच्या एखाद्या सीएच्या ऑफिसात डोकावलेलं नसावं.

रेघ सरकत असताना मला हत्तरसंग कुडलचा दगड आठवला. सोलापुराहून दक्षिणेला, जिथे भीमा आणि सीना भेटतात, तिथल्या देवळातल्या तुळईवर शके ९४० चा, म्हणजे १०१८ सालचा एक लेख आहे. मराठीतल्या अगदी जुन्या लेखांत त्याची गणना होते. त्याचा शेवट मोठा गोड आहे : जो हे वाचील तो विजयी होईल, असा आशीर्वाद. हजार वर्षं झाली. ना वीज, ना चार्जर, ना आवृत्ती जुनी झाल्याचा निरोप. पण मला खरा फरक वाटला तो वेगळाच. कुणी तरी वाचावं म्हणून त्या माणसानं दगड कोरला आणि वाचणाऱ्याला आगाऊ बक्षीस जाहीर केलं. मी जे लिहून ठेवत होतो ते कुणाला कधी वाचायची वेळच येऊ नये, अशी प्रार्थना करत लिहीत होतो. एवढ्या निष्ठेनं लिहिलेला आणि एवढा नकोसा मजकूर दुसरा नसेल.

रेघ सरता सरेना, तसं मन आणखी मागे गेलं. पहिल्या दिवसावर परत जाण्याची सोय ही यंत्राला केवढी मोठी देणगी, असं आधी वाटलं होतं. मग शेजारच्या आजी आठवल्या.

आमच्या भिंतीला भिंत लागून एक पद्मशाली कुटुंब राहायचं. त्यातल्या आजी लग्न होऊन तेलंगणातून सोलापुरात आल्या, तेव्हा त्यांना मराठीचं अक्षर येत नव्हतं. नवऱ्याची गिरणी, मंगळवार बाजार, पोरांची शाळा, आणि कारखान्यातून पानं-तंबाखू आणून घरी वळायच्या बिड्या, या सगळ्यांतून त्यांचं मराठी हळूहळू घडत गेलं. त्यात कानडीचा हेल होता, तेलुगूची लगबग होती, आणि शिव्या अस्सल सोलापुरी होत्या. दुपारी मांडीवर सूप घेऊन त्या बिड्या वळत बसायच्या आणि माझ्या आईशी बोलायच्या. बोलणं चालू, बोटं चालू, दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. माझ्या बालपणाचे कितीतरी किस्से, मला स्वतःला न आठवणारे, त्यांच्याकडे साठवलेले होते. मी नोकरीला लागल्यावरही भेटलो की त्या ते बाहेर काढायच्या, आणि दर वेळी माझी खोडी थोडी अधिक मोठी झालेली असायची.

म्हातारपणी त्यांना विसर पडू लागला. आधी परवाचं गेलं, मग मागच्या वर्षीचं, मग नातवंडांची नावं. आणि मग मराठी गेलं. भाड्याची खोली सोडून जावं तसं, सगळं सामान घेऊन. मागे राहिलं ते लहानपणीचं तेलुगू. नातू इंग्रजी शाळेतला, घरात मराठी बोलणारा. आजी काय म्हणते ते त्याला कळेना आणि तो काय म्हणतो ते आजीला. मी गेलो की त्या माझ्याकडे परक्याकडे पाहावं तशा पाहायच्या, पण फार आदबीनं, आणि विचारायच्या, “अन्नं तिन्नावा?” जेवलास का, एवढं मला कळायचं, कारण तेही त्यांनीच कधी काळी शिकवलेलं. मी “तिन्नानु” म्हणायचो. थोड्या वेळानं पुन्हा तोच प्रश्न, तितक्याच काळजीनं. मी पुन्हा जेवलेला. एका बैठकीत मी किती वेळा जेवलो असेन, त्याचा हिशेब नाही, आणि दर वेळी त्यांच्या चेहऱ्यावर मात्र नवं समाधान यायचं.

पण त्यांचे हात पाहण्यासारखे होते. मांडीवर ठेवलेली बोटं थांबायची नाहीत. नसलेलं पान धरायची, नसलेली तंबाखू त्यावर पसरायची, सुरळी करायची, टोक नखानं आत दुमडायची, दोऱ्याचा वेढा द्यायची आणि पुढचं पान उचलायची. सगळं गाव विसरून गेलेल्या त्या बाईची बोटं अजून सोलापुरात कामावर होती, रोजचं माप पुरं करत होती. यंत्राला पहिल्या दिवसावर नेलं की ते सबंधच्या सबंध तिथे जातं, मागे काही ठेवत नाही. आजी तशा गेल्या नाहीत. भाषा माहेरी गेली आणि हात सासरी राहिले. त्यांच्या सुनेनं एकदा समोर खरी पानं आणून ठेवली, तर त्या पानांकडे बघून हसल्या आणि रिकाम्या हातांनीच पुढची बिडी वळली. खऱ्याची त्यांना गरज उरली नव्हती.

हिरवी रेघ संपली तेव्हा पहाटेचा भोंगा व्हायची वेळ झाली होती. अर्थात भोंगा आता होत नाही, गिरण्या कधीच बंद पडल्या. पण माझ्या पिढीच्या कानाला ती वेळ कळते.

प्रत काढून भागत नाही, ती ठेवायची कुठे याचंही शास्त्र आहे. पीटर क्रोग नावाच्या छायाचित्रकारानं ते लोकांपुढे आणलं : प्रती तीन असाव्यात, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि एक घराबाहेर असावी. घराबाहेर ठेवण्याची अक्कल आमच्या जिल्ह्याला नवी नाही. अफजलखानाच्या स्वारीच्या वेळी पंढरपुरातून विठ्ठलाची मूर्ती माढ्याला हलवली, अशी परंपरा आहे. संकट टळल्यावर ती परत नेली, असंही म्हणतात. पण रा. चिं. ढेरे यांनी १९८४ च्या ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’मध्ये माढ्याच्या देवळात आजही उभी आहे तीच मूळची मूर्ती असल्याचं मांडलं, मूर्तीच्या छातीवरच्या मंत्राक्षरांपर्यंत जाऊन, आणि केवढी खळबळ उडाली. ग्रंथाला पुढे साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. वारकऱ्यानं मात्र यातलं काही मनावर घेतलं नाही. आषाढीला पायांवर डोकं ठेवणाऱ्याला छातीवरची अक्षरं तपासायला सवड कुठे असते? मला तर माढ्याच्या विठ्ठलाचं फार कौतुक वाटतं. एवढा मोठा दावा नावावर असून तो दर्शनाच्या रांगेवाचून, निवांत उभा आहे.

माझं माढं म्हणजे बार्शी. तिथे ताई असते. भाचा एसटीनं निघाला होता, त्याच्याबरोबर शेंगाचटणी, कडक भाकऱ्या आणि पाकिटात घालून पेन ड्राइव्ह पाठवला. रात्री ताईचा फोन आला.

“पाकिटात काय आहे रे?”

“काही नाही गं.”

“काही नाही तर पाठवलंस कशाला?”

“लॅपटॉप नवा होता तेव्हा कसा होता, ते आहे त्यात.”

पलीकडे ताईनं हे जावईबापूंना सांगितल्याचं ऐकू आलं. त्यांनी काय उत्तर दिलं ते नीट कळलं नाही. मग ती म्हणाली, “बरं. कपाटात ठेवते, माझ्या पाटल्यांजवळ.”

संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेसाठी ताई आली. नंदीध्वज पाहून, पाळण्यात नातीला बसवून, भेंडबत्ताशांनी पिशवी भरून घरी आल्यावर तिनं पर्समधून पाकीट काढलं आणि माझ्या हातात दिलं. “घे तुझं. आणि रिकामं नाही दिलं हं. रिकामा डबा कधी परत करतात का? धाकटीनं लावून बघितला तर आत तिला काही दिसेचना, नुसती इंग्रजीतली नावं. मग तिनं ते सगळं पुसलं आणि नातीच्या बारशाचे फोटो घालून दिले.”

त्या रात्री तो लावून पाहिला. शेकडो फोटो. पाळण्याभोवती बायका, पाळण्याखालून डोकावणारी पोरं, नाव सांगायला वाकलेली आत्या, आणि बाळ प्रत्येक फोटोत निराळ्याच कुणाकडे तरी बघत असलेलं. एका फोटोत ताई घुगऱ्या वाटतेय, आणि कॅमेऱ्याकडे लक्ष नसल्यामुळे अगदी आईसारखी दिसतेय. मी हिला हाक मारून तो दाखवला. ताईही चष्मा लावून मागे येऊन उभी राहिली, माझ्या खांद्यावर हात ठेवून.

“चांगले आलेत,” ती म्हणाली. “पण नीट जपून ठेव बरं का. धाकटीचा मोबाइल मागच्या आठवड्यात पाणी भरताना पिंपात पडला. आता फोटो आहेत ते एवढ्यातच.”